सलंगै बांधण्याआधी

हे चित्रीकरण आमच्या नृत्याच्या क्लासमध्येच होतंय, ओरत्तनाडुला. तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर हे गाव येतं. मागे पंख्याचा आवाज येईल आणि मधूनच बसचा हॉर्न, तेवढं चालवून घ्या. आणि माझं मराठी. आम्ही तंजावरची मराठी माणसं. घरात बोलतो ते मराठी पुण्याच्या पाहुण्यांना जरा गमतीचं वाटतं, म्हणून आज मी पुस्तकातल्यासारखं बोलायचा प्रयत्न करणार आहे. मधूनच तमिळ शब्द येतील, ते येऊ देते.

हे गाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल, पण मराठी माणसाचं इथे एक जुनं नातं आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी मुक्तांबाबाईंच्या स्मरणार्थ इथे छत्र बांधलं. मुक्तांबाळ छत्रम्. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंना इथे जेवण मिळायचं, मुलांना शाळा होती, आजारी माणसाची सोय होती. दगडात कोरलेले घोडे आणि हत्ती ती इमारत रथासारखी ओढताहेत असं वाटतं. लहानपणी मी त्या घोड्यांवर बसायला जायची आणि रखवालदार ओरडायचा. याच राजाच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ होते. आज आपण भरतनाट्यमचा जो क्रम पाहतो, अलारिप्पुपासून तिल्लानापर्यंत, तो त्यांनी बसवला. राजानं स्वतः नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. म्हणजे आमच्या घरी नाच शिकणं ही काही नवलाई नव्हती. नवलाई होती ती मला साखर झाली ही.

मी तेरा वर्षांची होते. दोन महिन्यांत इतकी बारीक झाले की परकराची नाडी दोनदा गुंडाळावी लागे. रात्रीतून चार वेळा पाणी, चार वेळा बाहेर. आजीला वाटलं दृष्ट लागली. शेवटी तंजावरला नेलं तेव्हा रक्तातली साखर पाचशेच्या वर होती. टाईप वन. म्हणजे शरीरात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच मेलेल्या. गोळीनं भागणार नाही, पथ्यानं भागणार नाही, इंजेक्शन रोज, जन्मभर.

घरी पहिला निर्णय काय झाला? कुणाला सांगायचं नाही. मुलगी आहे, उद्या लग्न आहे. हा निर्णय मला त्या रोगापेक्षा महाग पडला. म्हणून आज पहिल्यांदा त्या संध्याकाळबद्दल सांगते.

माझं अरंगेट्रम. अठरा वर्षांची होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अरंगेट्रम म्हणजे विद्यार्थिनीचा पहिला पूर्ण एकल कार्यक्रम. दोन-अडीच तास, एकटीनं. त्या काळी मी सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन घ्यायची, म्हणजे एकाच सुईत थोडं लवकर चढणारं, थोडं उशिरा चढणारं. हे इन्सुलिन घेतलं की जेवावंच लागतं, वेळेवर. कार्यक्रम सहाला होता. मी पाच वाजता मांडीत सुई घेतली, नेहमीसारखी. मग पोशाख चढवला. भरतनाट्यमचा पोशाख शिवलेला आणि पक्का असतो, पोटावर घट्ट. म्हटलं, आता इडली खाल्ली तर बसेल वर. नंतर खाऊ. प्रमुख पाहुणे आले पावणेसातला. अलारिप्पु, जतीस्वरम, शब्दम छान झाले. मग वर्णम.

वर्णम म्हणजे आमच्या कार्यक्रमाचा कणा, अर्धा-पाऊण तासाचा. त्यात एकदा जोरात जती येते, पाय आपटून, अरमंडीत बसून, आणि लगेच अभिनय, मग परत जती. दुसऱ्या जतीला मला गुरुजींच्या तट्टुकळीचा आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा ऐकू येऊ लागला. हात थरथरले, ते मला दिसले. मी ओळ विसरले. सखीला सांगायचं असतं की त्याला घेऊन ये, मी तीच मुद्रा पुन्हा पुन्हा करत राहिले. लोकांना वाटलं भाव उत्कट झाला. एका बाईंनी नंतर आईला सांगितलंही, काय सुंदर केलं तिनं ते! मग मी खाली बसले, आणि बसलेलीच राहिले.

पडद्यामागे आईनं साखर तोंडात घातली. ग्लुकोमीटर घरी होता, लपवलेला. किती उतरली होती ते कधीच कळलं नाही. गुरुजी रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "एवढी वर्षं मी तुला उपाशी पोटी तास तास अरमंडीत बसवलं. मला सांगायचं होतंस ना, अम्मा." ते रडत होते. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

आता मी त्या संध्याकाळचा हिशेब नीट मांडू शकते. इन्सुलिन घेतलं आणि अन्न घेतलं नाही, ही पहिली चूक. दुसरी चूक मांडी. ज्या स्नायूला आपण राबवणार, त्याच्यावरच्या चरबीत सुई घेतली की तिथे रक्त जोरात फिरतं आणि इन्सुलिन लवकर शोषलं जातं. अरमंडी म्हणजे दोन तास मांड्या जळत ठेवणं. नाचाच्या दिवशी पोट, मांडी नाही. तिसरी गोष्ट चूक नव्हती, शरीराचा धर्म होता. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या फारशा मदतीशिवायही रक्तातून साखर ओढतो. इन्सुलिनही आहे, स्नायूही ओढतोय, वरून भर पडत नाही. साखर उतरणार नाही तर काय?

पण नाचात एक गंमत आहे. चालणं किंवा सायकल असेल तर साखर साधारण एकाच दिशेनं, खाली जाते. नाचात जती हा जोराचा झटका असतो. त्यात, आणि रंगमंचाच्या भीतीतही, शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, यकृत साठवलेली साखर बाहेर ढकलतं. त्यामुळे मेकअपच्या खुर्चीत बसलेल्या मुलीची साखर २५० दिसू शकते, काही न खाता. ती घाबरते, जास्तीचं इन्सुलिन टोचते, आणि पाऊण तासानं वर्णमच्या मध्यावर कोसळते. हा सापळा मी दोनदा अनुभवलाय. भीतीची साखर कार्यक्रम सुरू झाला की बहुधा आपोआप उतरायला लागते.

हे मला माझ्या डॉक्टरांनी थोडं शिकवलं, बाकी मी वहीत लिहून लिहून शिकले. आणि एका बॅले नर्तकीमुळे शिकले. झिपोरा कार्झ तिचं नाव, न्यूयॉर्क सिटी बॅलेमधली. एकविसाव्या वर्षी, कारकीर्द नुकती वर चढत असताना, तिला मधुमेह निघाला. सुरुवातीला तो दुसऱ्या प्रकारचा आहे असं धरलं गेलं, नंतर कळलं की पहिल्या प्रकारचा. ती नाचत राहिली, त्याच कंपनीत सोलोइस्ट झाली, आणि २००९ साली तिनं आपली गोष्ट लिहिली, 'द शुगरलेस प्लम'. बॅलेत 'नटक्रॅकर'मधली शुगर प्लम फेअरी ही मोठी भूमिका, म्हणून ते नाव. एका भाचीनं मला ते पुस्तक परदेशातून आणून दिलं. मी इंग्रजी हळू वाचते, तरी दोन रात्रींत संपवलं. ओरत्तनाडुपासून इतक्या लांब कुणीतरी पंखांत उभं राहून, म्हणजे रंगमंचाच्या कडेला, माझ्यासारखीच बोटं टोचत होतं.

बॅले आणि आमचा नाच तसे परकेही नाहीत. रुक्मिणीदेवी अरुंडेल आधी अ‍ॅना पावलोव्हाच्या ओढीनं बॅले शिकल्या, पावलोव्हाच्याच कंपनीतल्या क्लिओ नॉर्डीकडे. मग त्या वळल्या पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिल्लैंकडे, आमच्याच तंजावर भागातल्या. १९३५ साली अड्यारला त्यांनी पहिला कार्यक्रम केला. बॅलेची मुलगी पायाला घट्ट बूट बांधते आणि आमची मुलगी अनवाणी नाचते, पण घाम, भूक आणि आरशातलं शरीर दोघींचं सारखंच. बारीक राहायचं म्हणून न खाण्याची सवयही दोन्हीकडे आहे. मधुमेह असलेल्या मुलीनं वजन कमी करायला इन्सुलिन चुकवणं हा त्यातला सगळ्यांत घातक प्रकार. माझ्या ओळखीत घडलेला आहे. नाव सांगत नाही.

आता मी प्रत्यक्ष काय करते ते सांगते. तुमचे आकडे तुमच्या डॉक्टरांबरोबर ठरवा, माझे जसेच्या तसे उचलू नका.

सलंगै, म्हणजे घुंगरू, बांधण्याआधी साखर बघायची. १२६ ते १८०च्या दरम्यान असेल तर सुरू. नव्वदच्या खाली असेल तर आधी खायचं, थोडं थांबायचं, पुन्हा बघायचं. २५०च्या वर असेल तर लघवीची कीटोनची पट्टी. कीटोन निघाले तर त्या दिवशी नाच नाही, गुरू काहीही म्हणोत. कारण मग ती भीतीची साखर नसते, शरीराला इन्सुलिन कमी पडलेलं असतं, आणि व्यायामानं ते आणखी बिघडतं. आणि आदल्या चोवीस तासांत साखर इतकी उतरली असेल की दुसऱ्यानं उठवावं लागलं, तरीही नाच नाही. अशा घटनेनंतर शरीराची धोक्याची घंटा मंद होते, दुसरी खेप चाहूल न देता येते.

बोट टोचण्याची आमची वेगळीच अडचण. आम्ही बोटांची टोकं आलत्यानं लाल रंगवतो. त्या लालीत रक्ताचा थेंब दिसत नाही, आणि रंग पट्टीवर गेला तर आकड्याचा काय भरवसा? मी डाव्या हाताच्या करंगळीची बाजू कोरी ठेवते. रसिकांना ते कधीच दिसलेलं नाही. दुसरं, देवळात कार्यक्रम असेल तर प्रसादाचा हात. सक्करै पोंगलचा चिकट हात न धुता टोचला तर मीटर पोंगलची साखर मोजतो. एकदा माझा आकडा ३९० आला होता, हात धुतल्यावर १४०.

आता दंडावर चिकटवायचा सेन्सर आलाय. ज्यांना परवडतो त्यांनी जरूर लावावा. खिशाला जड आहे. पण पोशाखाच्या ब्लाऊजची बाही घट्ट असते, ती सेन्सरवर दाबली की तो उगीचच कमी साखर दाखवतो. आणि नाचताना साखर वेगानं बदलत असेल तेव्हा सेन्सर रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. म्हणून अंगाला लक्षणं जाणवली तर अंगाचं ऐकायचं, बोट टोचायचं. आमच्या शिंप्याला मी त्या बाहीला अर्धा इंच सैल ठेवायला सांगते. तो प्रत्येक वेळी विचारतो, का?

सत्तरच्या खाली गेलं की थांबायचं. पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यातून. पंधरा मिनिटं बसायचं, पुन्हा बघायचं. इथे लोक प्रेमानं कडलै मिठ्ठाई पुढे करतात, शेंगदाण्याची चिक्की. ती नंतर. शेंगदाण्याच्या तेलानं साखर रक्तात पोचायला उशीर लागतो, आणि त्या क्षणी आपल्याकडे उशीर नसतो. माझ्या कार्यक्रमात नट्टुवनारांच्या झांजांशेजारी एक पितळी पेला झाकून ठेवलेला असतो. त्यांना माहीत असतं, मृदंगवाल्याला माहीत असतं. मी उजव्या हातानं पदर दोनदा सावरला की ते पुढची जती तोडतात, गायिका ओळ आळवत राहते, मी कडेला जाऊन पिऊन येते. सतरा-अठरा वर्षांत असं चार वेळा झालं. एका समीक्षकानं लिहिलं, संगीताला दिलेली जागा फार सुंदर होती.

आणि रात्र. कार्यक्रम संपला, कौतुक झालं, झोपलात. स्नायू मात्र जागे असतात, रिकामी झालेली कोठारं भरत असतात, रक्तातलीच साखर घेऊन. पहाटे दोन-तीनला साखर उतरते. म्हणून मोठ्या कार्यक्रमानंतर रात्रीचं इन्सुलिन किती घ्यायचं हे डॉक्टरांशी आधी बोललेलं असतं, झोपण्याआधी काहीतरी खाल्लेलं असतं, आणि गजर लावलेला असतो. माझा नवरा म्हणतो, तुझ्या अरंगेट्रमचा खर्च एकदाच झाला, गजराचा अजून चालू आहे.

पायांबद्दल थोडं सावकाश सांगते, कारण आमच्यात पाय म्हणजे वाद्य. आम्ही अनवाणी, दगडावर पाय आपटतो. मे महिन्यात दुपारी देवळाच्या अंगणातल्या दगडावर पाऊल ठेवून बघा. ज्याच्या पायाची जाणीव शाबूत आहे तो उडी मारेल. ज्याची जाणीव मधुमेहानं कमी झाली आहे तो उभाच राहील, आणि फोड रात्री दिसेल. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची परीक्षा करून घ्यायची, त्या नायलॉनच्या बारीक धाग्यानं आणि ट्यूनिंग फोर्कनं. दोन मिनिटांचं काम असतं. रोज रात्री पाय धुऊन, आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघायचे. घुंगरांच्या चामड्याच्या पट्ट्यानं घोट्याची कातडी सोलते, त्याखाली मऊ सुती पट्टी गुंडाळायची. जखम असेल तर भरेपर्यंत तट्टडवु बंद. हातांचा आणि डोळ्यांचा सराव करायला कुणी अडवलंय?

इथली हवा हा एक वेगळा शत्रू. इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो. मे महिन्यात आमचं स्वयंपाकघर त्याच्या कितीतरी पट तापतं आणि वीज जाते. २०१८च्या १६ नोव्हेंबरला गज वादळ आलं. ओरत्तनाडु, पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, सगळीकडची नारळाची झाडं काड्यांसारखी मोडली. विजेचे खांब आडवे. आमच्याकडे कित्येक दिवस अंधार होता. फ्रिज म्हणजे एक पांढरं कपाट झालं. तेव्हा मी आजीची युक्ती केली. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, छोट्यात प्लास्टिकच्या डब्यात इन्सुलिन, वरून ओलं फडकं. फ्रिजइतकं गार होत नाही, पण बाहेरच्यापेक्षा बरंच गार राहतं. त्या दिवसांत माझ्या मडक्यात गल्लीतल्या तिघांच्या बाटल्या होत्या. त्यांतल्या दोघांना मधुमेह आहे हे मला तेव्हाच कळलं. त्यांनीही लपवलेलं होतं.

माझ्याकडे चाळिशी-पन्नाशीच्या बायकाही येतात. लहानपणी सुटलेला नाच परत धरायला. त्यांना बहुतेक टाईप टू. त्यांचं गणित वेगळं. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्या बाईची साखर नाचानं धोक्याइतकी सहसा उतरत नाही, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर उतरू शकते. गोळीचं नाव माहीत हवं. 'ती पांढरी, सकाळची' एवढं पुरत नाही. आणि उड्या मारण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून या, असं मी सांगते. पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर जोराच्या उडीनं, आपटण्यानं आत रक्तस्राव होऊ शकतो. एका बाईंना यामुळे वर्षभर मी फक्त बसून अभिनय शिकवला. त्या आता माझ्यापेक्षा चांगलं पदम करतात, हे मी त्यांच्यासमोर अजून कबूल केलेलं नाही.

शेवटी एका मुलीबद्दल. अकरा वर्षांची, जवळच्या खेड्यातली. मागच्या वर्षी दोन महिने क्लासला आली नाही. मग तिची आई एकटी आली, फी चुकती करायला. "टीचर, तिला साखर झालीय. आता नाच नको." मी विचारलं, इन्सुलिन चालू आहे ना? ती गप्प. मग म्हणाली, गावात एक जण कषाय देतो, सहा महिन्यांत सुई सुटेल म्हणतो.

मी त्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. माझ्याजवळ सांगायला एकच गोष्ट होती, ती सांगितली. याच आपल्या सरफोजी राजाला औषधांचं वेड होतं. त्याच्या धन्वंतरी महालात औषधं तयार व्हायची, पडताळली जायची. ते ज्ञान तमिळमध्ये लिहून ठेवलं गेलं, आणि सरस्वती महाल ग्रंथालयानं पुढे त्याची पुस्तकं छापली, त्यांत नीरिळिवु, म्हणजे मधुमेहावरचंही एक आहे. राजाची सत्ता, राजाचे वैद्य, राजाचा पैसा. तरी त्या काळी ज्या मुलाला हा आमचा, लहानपणी होणारा मधुमेह झाला, ते मूल जगलं नसणार. जगात कुठेच जगत नव्हतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोला लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिलं, तिथून आमच्यासारखी मुलं मोठी व्हायला लागली. कषाय प्यायचं तर प्या, पण सुई एक दिवसही चुकवायची नाही. मी माझं पोट उघडं करून सुयांच्या खुणा दाखवल्या. त्या आईनं हात लावून पाहिल्या. "तुम्ही? तुम्ही तर नाचता," ती म्हणाली.

मुलगी दारामागे उभी होती. तिनं विचारलं, "अक्का, स्टेजवर झालं तर?" मी तिला पितळी पेल्याबद्दल सांगितलं. आणि माझ्या अरंगेट्रमबद्दलही, सगळं. खाली बसले होते तेसुद्धा.

ती विजयादशमीला परत आली. आई पहिले तीन महिने हॉलच्या दारात पिशवी घेऊन बसायची, पिशवीत मीटर, ग्लुकोज, इडलीचा डबा. आता बसत नाही, बाजार करून येते. वर्गातल्या सगळ्या मुलींना माहीत आहे. परवा नट्टडवु चालू असताना ही मुलगी मध्येच थांबली, हात वर केला, आणि म्हणाली, "टीचर, अडुसष्ट." शेजारचीनं पाण्यात साखर ढवळून दिली. बाकीच्या पंधरा मिनिटं बसून ताल मोजत राहिल्या. मग तिनं पुन्हा टोचलं, एकशे चार आलं, आणि आम्ही जिथे थांबलो होतो तिथून पुढे गेलो.